वास्कोतील एक खानावळ आणि तिची हिशेबाची वही

गेल्या वर्षी पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि आमच्या घरात दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. चहा आणि वरणभात यांपलीकडे माझी मजल जात नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात पुरेसे सिद्ध झालेले असल्यामुळे कोणी मला स्वयंपाकघरात जाण्याचा आग्रहही केला नाही. शेजारच्या वहिनींनी एका खानावळीचा डबा सुचवला. बाहेरून गोव्यात आलेल्या बारा बायका बचत गटाच्या रूपाने ती चालवतात, असे त्यांनी सांगितले. आणि ‘बाहेरून आलेल्या’ हे शब्द उच्चारताना त्यांचा आवाज जरासा उतरला, तेही मी ऐकले. त्या दिवसापासून आजपर्यंत या खानावळीचे दोनशेच्या वर डबे आमच्याकडे आले असतील. त्या अनुभवावर हा अभिप्राय आहे.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. पहिली अशी की मी निव्वळ गिऱ्हाईक राहिलेलो नाही. नोकरीची सगळी वर्षे बंदराच्या कामाच्या हिशेबात गेल्यामुळे वही दिसली की ती उघडून पाहण्याची खोड आहे, आणि आठ महिन्यांपूर्वी या बायकांनीच ‘काका, जरा आमची वही बघून द्या’ म्हटल्यापासून दर मंगळवारी दुपारी तासभर मी तिथे बसतो. पैसे घेत नाही, पण चहा घेतो. पक्षपाताचा आरोप करू इच्छिणाऱ्याला एवढा आधार पुरे. दुसरी गोष्ट अशी की खानावळीचे नाव आणि पत्ता मी इथे देत नाही. गटातल्या दोघीजणी नवऱ्यापासून वेगळ्या राहतात आणि आपला ठावठिकाणा छापला जाऊ नये, ही त्यांची विनंती आहे. डबा हवाच असेल त्याने वास्कोच्या बाजारात एखाद्या भाजीवालीला विचारावे. ती आधी विचारणाऱ्याला नीट न्याहाळील आणि मग वाटले तर सांगेल.

आता जेवण. शाकाहारी डबा ८० रुपये, नुस्त्याचा, म्हणजे माशांचा, १२०. सुटी भाकरी २० रुपये. डब्यात दोन चपात्या किंवा एक भाकरी, शीत म्हणजे भात, आमटी, एक सुकी भाजी आणि चटणी. शेंगदाण्याची चटणी खास आहे. ती खलबत्त्यात कुटलेली असते, मिक्सरमधून काढलेली नसते, आणि हे पहिल्या घासालाच कळते, कारण दाण्याचे तेल चटणीला सुटलेले असते आणि लसूण दाताखाली येतो. भरली वांगी दर बुधवारी असतात आणि बुधवारी डबा चुकवू नये. आमटी मात्र कधी कधी पातळ असते, विशेषतः महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. डाळीचा भाव आणि आमटीचा दाटपणा यांचे नाते मला वहीत स्पष्ट दिसले आहे आणि ते मी त्यांना दाखवलेही आहे. त्यावर सगळ्या हसल्या. आमटी तशीच राहिली.

भाकरीसाठी मात्र वेगळा परिच्छेद हवा. गोव्यात आपल्याला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोयीची आणि उंड्यांची सवय, घरी तांदळाची भाकरी. ज्वारीची भाकरी खावी तर कोणाकडे पाहुणे म्हणून जावे लागते. इथे पीठ येते ते सोलापूरकडच्या एका सदस्येच्या माहेराहून, मालदांडी ज्वारीचे, आणि महिन्यापेक्षा जुने पीठ त्या वापरत नाहीत, कारण जुन्या पिठाची भाकरी कडेने चिरते. गदगकडची एक अक्का भाकऱ्या करते. परातीत पिठाचे आळे करून ती त्यात कढत पाणी ओतते, तळहाताच्या मुळाने पीठ मळून मळून लोण्यासारखे करते, आणि गोळा थापायला घेतला की परात जागची हलत नाही, भाकरीच तिच्या बोटांखाली गरगर फिरत मोठी होत जाते. मग पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकायची, ओल्या हाताने वरून पाणी फिरवायचे, ते पुरते सुकण्याच्या आत उलटायची आणि शेवटी थेट जाळावर धरायची. भाकरी टम्म फुगते तेव्हा अक्का तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. पुढचा गोळा तिच्या हातात असतो. एका तासात तिच्या पन्नासच्या आसपास भाकऱ्या होतात, हे मी घड्याळ लावून पाहिले आहे.

नुस्त्याची गोष्ट याच्या उलट आहे, आणि माझ्या मते या खानावळीची खरी परीक्षा तिथे झाली. बारांपैकी आठजणी गदग-विजापूरकडच्या, तिघी सोलापूर-सांगलीकडच्या आणि एक सिंधुदुर्गातली. समुद्राचे मासे लहानपणापासून खाल्लेली ती एकटीच. गिऱ्हाईक मात्र गोव्याचे. सुरुवातीला बांगड्याच्या हुमणात, म्हणजे ओल्या खोबऱ्याच्या कालवणात, त्यांनी तिरफळे वाटणाबरोबरच वाटून घातली आणि हुमण इतके कडवट झाले की पहिल्या दिवसाचे अर्धे डबे परत आले, असे त्या स्वतःच सांगतात. खारीवाड्यावरून मासे घेऊन येणाऱ्या बाईने ते चाखले आणि टोपलीसकट स्वयंपाकघरात शिरून ‘वाटूं नाका गो बाये, मात्शें ठेंच!’ म्हणत तिरफळाची काळी बी कशी काढून टाकायची, सालपट कसे हलकेच ठेचायचे आणि कढीला उकळी आली की ते कसे सोडायचे, ते दाखवले. आज त्यांचे हुमण माझ्या आईच्या हुमणाच्या जवळपास येते. पूर्ण पोहोचते असे म्हणणार नाही, कारण खोबरे त्या थोडे भरड वाटतात. सोलकढी उत्तम. अळसांद्याचे तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची रस्सेदार उसळ, बरे असते, पण त्यात गरम मसाला जास्त पडतो आणि अळसांद्याची स्वतःची गोडी दबते.

बाहेरून आलेल्या बायकांना ‘सामावून घेण्या’विषयी सभांमधून जे बोलले जाते, त्यात शिकवणारे नेहमी एका बाजूला आणि शिकणाऱ्या दुसऱ्या बाजूला असतात. इथे मासेवालीने तिरफळे शिकवली आणि त्या बदल्यात ती महिन्याला दहा भाकऱ्या नेते, तिच्या सुनेला मधुमेह आहे म्हणून. हा व्यवहार वहीत लिहिलेला आहे, डाव्या बाजूला दहा भाकऱ्या आणि उजव्या बाजूला फक्त ‘तिरफळ’.

आता एक तक्रार. श्रावणातल्या दामोदर भजनी सप्ताहाच्या दिवसांत सगळे वास्को रस्त्यावर असते, फेरी भरते, देवळात अखंड भजन चालू असते, आणि या खानावळीकडे एरवीच्या दुप्पट डब्यांची मागणी येते. त्या गर्दीत श्रावणी सोमवारी आमच्या घरी जो डबा आला, त्याचे झाकण उघडताच सुक्या बांगड्याच्या किसमुरीचा वास घरभर पसरला. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, बोटीवर नोकरी असलेल्या गृहस्थांचा डबा आमच्याकडे आणि आमची दुधीची भाजी त्यांच्याकडे गेली होती. पत्नी उपाशी राहिली. मी खरे सांगायचे तर थोडा वेळ त्या डब्याकडे पाहत बसलो आणि मग झाकण लावले. दूरध्वनी केला तर कोणी उचलला नाही, दोनदा केला तरी नाही, आणि ही गोष्ट कोणत्याही सेवेला शोभणारी नाही. संध्याकाळी अध्यक्षबाई आणि डबे पोहोचवणारी मुलगी अशा दोघी स्वतः आल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘काका, चूक आमचीच. वहिनींचा उपास मोडला असता. आजचे पैसे घेणार नाही, उद्याचेही नाही.’ त्यांनी पिशवीतून एक वही काढली, त्यात तारीख घालून चूक लिहिली, आणि खाली माझी सही मागितली. माझ्या नोकरीच्या काळात चूक झालेल्या माणसाने स्वतःहून ती नोंदवून सही घेतल्याचे मला आठवत नाही. त्या आठवड्यापासून शाकाहारी डब्याच्या मुठीला हिरवी दोरी बांधलेली असते. दूरध्वनी मात्र आजही दुपारी बारा ते एक या वेळात उचलला जात नाही.

माझे कुतूहल चाळवले ते त्या वहीमुळे. पुढे जेव्हा त्यांची किर्द आणि खतावणी माझ्यासमोर आली, तेव्हा पाहिले तर नोंदी तीन हातांच्या आणि दोन लिप्यांच्या होत्या. काही पाने मराठीत, काही कन्नडमध्ये. आकडे मात्र सगळ्यांनी मोबाईलवरचे घेतले होते, त्यामुळे बेरजेला भाषेची अडचण आली नाही. बचत गटांची जी पंचसूत्री सांगितली जाते, नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, तिच्यातली पहिली चार सूत्रे बहुतेक गट पाळतात. पाचव्या सूत्राशी गाडी अडते, कारण वही ज्या एकीच्या हाती जाते, ती हळूहळू गटाची मालकीण होऊन बसते. इथे त्यांनी सुरुवातीलाच एक नियम केला. खरेदी, गल्ला, चूल आणि डबे अशी चार कामे. दर तीन महिन्यांनी प्रत्येकीचे काम बदलते, आणि गल्ल्यावर बसणारी त्या तीन महिन्यांची वही लिहिते, मग तिला लिहिता येत असो वा नसो. येत नसेल तर ती सांगते आणि दुसरी लिहिते, पण सही तिची. अध्यक्षपद एक वर्षाचे. एकदा झालेली पुढची तीन वर्षे पुन्हा होऊ शकत नाही.

गिऱ्हाईक म्हणून मला या नियमाचा त्रास होतो, हेही सांगितले पाहिजे. दर तीन महिन्यांनी चुलीवरचा हात बदलला की आमटीची चव बदलते, आणि जानेवारीत जिच्या हातची भरली वांगी खाऊन आपण तृप्त झालेले असतो, ती एप्रिलमध्ये स्कूटरवर डबे बांधून फिरत असते. भाकरीवाली अक्का तेवढी अपवाद. तिला भाकरीवरून हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा गिऱ्हाइकांनीच बंड केले, म्हणून आता ती खरेदी आणि भाकरी अशी दोन्ही कामे सांभाळते.

त्याच अक्काचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला. पाच वर्षांपूर्वी ती गदगहून आली तेव्हा बांधकामावर पाट्या टाकत होती आणि मुकादमाशी बोलायचे तरी नवऱ्याच्या तोंडून बोलत होती, असे तिच्या मैत्रिणी सांगतात. एका मंगळवारी मी वही उघडून बसलो असताना नारळवाला आला. खोलीत सहा बायका आणि मी एकटा पुरुष. त्याने सवयीने माझ्याकडे तोंड करून विचारले, ‘कितले नाल्ल देंवयूं?’ मी अक्काकडे पाहिले. तिने पिठाचे हात पुसले नाहीत, उठलीही नाही. कन्नड वळणाच्या कोंकणीत एवढेच म्हणाली, ‘म्हाका सांग. घेवपी हांव.’ मला सांग, घेणारी मी. मग तिने एक नारळ कानाशी हलवून पाहिला, दुसरा हलवला, तिसरा बाजूला ठेवला आणि शंभरामागे असे किती निघतील ते विचारले. भाव शेवटी तिने मागितला तेवढा उतरला नाही, पण त्या दिवसापासून नारळवाला माझ्याकडे पाहत नाही. मला याचे थोडे वाईटही वाटले, हे कबूल करतो.

खानावळीच्या मागच्या खोलीत शिवणवर्गही चालतो. तो इतर शिवणवर्गांसारखाच आहे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता मांडले जाणारे टेबल. नव्याने आलेल्या कोणत्याही बाईने आपली कागदपत्रे घेऊन यावे आणि पुढे काय करायचे ते विचारावे, यासाठी ते आहे. फुकट आहे, आणि माझ्या दृष्टीने ही या खानावळीची सर्वांत चांगली सेवा आहे. इथे मला जे कळले ते इतकी वर्षे वास्कोत राहूनही ठाऊक नव्हते. उदाहरणार्थ, २०१२ मध्ये सुरू झालेल्या गृह आधार योजनेत विवाहित स्त्रीला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी गोव्यात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. म्हणजे पाच वर्षांपूर्वी आलेल्या अक्काला आणखी दहा वर्षे थांबले पाहिजे, आणि त्या पंधरा वर्षांचा पुरावा तिने आजपासूनच जमवला पाहिजे, कारण भाड्याची खोली दर दोन वर्षांनी बदलते आणि जुना घरमालक नंतर ओळख देत नाही. टेबलावरची बाई म्हणूनच नव्या आलेलीला पहिले सांगते ते हे की भाडेकराराची प्रत, मुलाच्या शाळेचा दाखला, दवाखान्याचा केसपेपर, विजेचे बिल, जे जे तारखेचे आणि पत्त्याचे असेल ते ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेव. रेशनच्या बाबतीत तेवढी वाट पाहावी लागत नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत गोवा जानेवारी २०२० पासून आहे, त्यामुळे अन्नसुरक्षा कायद्याखालचे कर्नाटकातले कार्डसुद्धा आधारशी जोडलेले असेल तर इथल्या रास्त भावाच्या दुकानात चालते. हे दुकानदाराला समजावून सांगावे लागते, आणि त्यासाठी टेबलावरची एकजण सोबत जाते.

मतदार यादीचे कामही इथेच होते. गावाकडे नाव असेल तर पत्ता बदलण्यासाठी आठ क्रमांकाचा अर्ज, नावच नसेल तर सहा क्रमांकाचा. या अर्जांवर त्यांचा भर का, असे मी विचारले तेव्हा सिंधुदुर्गातल्या सदस्येने दिलेले उत्तर हिशेबनीसाला पटेल असे होते. रेशन आणि आधार ही मागण्याची कागदपत्रे आहेत, मतदार कार्ड हे बोलण्याचे. शहराबाहेर पंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्या बाईचे नाव मतदार यादीत आले की ती ग्रामसभेची सदस्य होते, वर्षातून चार वेळा रविवारी भरणाऱ्या ग्रामसभेत उभी राहून प्रश्न विचारू शकते, आणि पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव असल्यामुळे पुढे उमेदवारही होऊ शकते. गटातल्या दोघी ग्रामसभेत बोलल्या आहेत, एक नळाविषयी आणि एक रस्त्यावरच्या दिव्याविषयी. नळ अजून आलेला नाही. दिवा लागला.

खानावळ रविवारी बंद असते याचे कारणही मला ग्रामसभा हेच सांगण्यात आले. चार रविवारांच्या ग्रामसभेसाठी वर्षाचे बावन्न रविवार बंद ठेवण्याचा हा हिशेब मी मान्य केलेला नाही आणि तसे वहीत लिहून ठेवले आहे. आठवड्यातून एक दिवस सुटी हवी म्हणून बंद ठेवतो, असे सरळ सांगितले असते तर माझी काही तक्रार नव्हती.

आपण मराठी बोलणारे गोवेकर या बायकांकडे कसे पाहतो, याविषयी न लिहिता हा अभिप्राय पुरा होणार नाही. घाटापलीकडून आलेल्याला इथे ‘घाटी’ म्हणतात आणि कोठूनही आलेल्याला ‘भायलो’. माझे वडील १९६४ साली मालवणहून मुरगाव बंदरात खनिजाच्या बार्जवर काम करायला आले. ते घाटावरचे नव्हते, समुद्रकाठचेच होते, तरी आमच्या गल्लीत त्यांना पुष्कळ वर्षे भायलेच म्हणत. मी तो शब्द ऐकत मोठा झालो आणि नोकरीला लागल्यावर कन्नड बोलणाऱ्या मजुरांसाठी ‘घाटी’ हा शब्द मीही न अडखळता वापरला. गोव्याचीच माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडांत, एका खोलीत दहा-दहा राहून नोकऱ्या शोधत होती, हे आमच्या मास्तरांनी आम्हाला शाळेत सांगितले होते. तेव्हा त्याचा संबंध मला पाट्या टाकणाऱ्या बायकांशी लावता आला नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात कोंकणी मातृभाषा असलेले सुमारे ६६ टक्के, मराठी जवळजवळ ११ टक्के, हिंदी १० टक्क्यांहून थोडे अधिक आणि कन्नड साडेचार टक्क्यांच्या पुढे होते. वास्कोच्या बाजारात उभे राहिले तर हे प्रमाण कोणालाही खरे वाटणार नाही.

त्यातही बाईमाणसाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, बायणा किनाऱ्यावरची वेश्यावस्ती पाडण्यात आली. बायका पांगल्या, पण त्या जागेचे नाव मागे राहिले. बायण्याच्या बाजूला खोली घेतलेल्या कुठल्याही परराज्यातल्या बाईला त्यानंतर वर्षानुवर्षे घरकाम मागताना पत्ता विचारला जाई आणि पत्ता कळला की ‘नंतर सांगतो’ असे उत्तर मिळे. या गटाच्या पहिल्या पाचजणी अशा ‘नंतर सांगतो’ ऐकलेल्या आहेत. घरकाम मिळत नाही म्हणून त्यांनी खानावळ काढली. स्वयंसिद्धा वगैरे होण्याचा त्यांचा काही विचार नव्हता, असे त्या हसून सांगतात.

भाषेचा प्रश्न मात्र त्यांच्या मुलांनी सोडवला, असे माझे निरीक्षण आहे. आमच्या भागातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत आता अर्ध्याहून अधिक मुले अशाच घरांतली आहेत. त्यांच्यामुळे शाळा टिकली आहे. पोरे घरी कन्नड बोलतात, वर्गात मराठी, मैदानात कोंकणी, आणि संध्याकाळी खानावळीच्या बाकावर बसून आईला पाटीवर ‘भाकरी’ लिहायला शिकवतात. अक्काची सही तिच्या तिसरीतल्या मुलीने शिकवलेली आहे, म्हणून ती तिसरीतल्या मुलीसारखीच आहे: शिरोरेषा पट्टीने ओढल्यासारखी सरळ आणि प्रत्येक अक्षर सुटे.

बसून जेवायचे असेल तर काही सूचना. जागा जुन्या कौलारू गुदामाची, आत सहा टेबले. दुपारी एकनंतर गेले तर उभे राहावे लागते. दारात दोन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही, त्यामुळे माझी पत्नी अजून एकदाही आत जाऊ शकलेली नाही. हे मी चार वेळा सांगितले आहे. पंखे दोन, त्यांपैकी एक चुलीकडे तोंड करून. हात धुण्याची जागा स्वच्छ. पैसे मोबाईलवरून देता येतात, पावती मागितली तर मिळते, न मागता मिळत नाही, आणि मिळाली पाहिजे.

आता सर्वांत मोठा दोष, जो जेवणारांना दिसत नाही, वहीत दिसतो. खानावळीत बारा सदस्यांखेरीज आणखी तीन बायका काम करतात. भांडी घासणे, नारळ खोवणे आणि फरशी पुसणे ही कामे त्यांची. रोजंदारी वेळेवर आणि बाजारभावाने मिळते, यात खोट नाही. पण त्या गटात नाहीत. त्यांची नावे हजेरीच्या पानावर आहेत, सभासदांच्या पानावर नाहीत. मंगळवारच्या बैठकीच्या वेळी त्या मागे भांडी घासत असतात आणि नफ्याचे वाटप ऐकू येईल इतक्या अंतरावर असतात. तिघींपैकी एक ओडिशाची आहे, दोघी झारखंडच्या. बचत गटात वीसजणींपर्यंत जागा असते, म्हणजे जागेची अडचण नाही. गटाच्या वहीच्या पहिल्याच पानावर असेही लिहिलेले आहे की वर्षभर काम केलेल्या बाईला सभासद होण्यासाठी अर्ज करता येईल. ओडिशाच्या बाईला चौदा महिने झाले आहेत.

हे मी एका बैठकीत काढले. मला तिथे मत नाही, पण बोलू देतात. चिटणीसबाई म्हणाल्या, तिला मराठी येत नाही, कन्नड येत नाही, ती गल्ल्यावर बसली तर वही कोण लिहील? दुसरी म्हणाली, नवीन माणूस घेतले की प्रत्येकीचा वाटा कमी होणार, ते आधी बघा. यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग भाकरीवाली अक्का म्हणाली, ‘मी आले तेव्हा मला तरी काय येत होतं?’ आणि पुन्हा पीठ मळायला लागली. विषय पुढच्या बैठकीवर गेला. त्यानंतर पाच मंगळवार झाले. सभेच्या कामकाजात तो विषय आठव्या क्रमांकावर आहे, आणि बैठक बहुधा सहाव्या विषयापाशी संपते, कारण साडेसहाला संध्याकाळचे डबे भरायला घ्यावे लागतात.